उरेब

‘बायस’ला मराठीत काय म्हणाल, असं मी दहावीच्या वर्गाला विचारलं. पक्षपात, पूर्वग्रह, दुजाभाव अशी तीन उत्तरं लगेच आली. चौथं उत्तर खिडकीजवळच्या एका मुलीनं दिलं, जरा चाचरतच. “मॅडम, उरेब.”

काही मुलं हसली. मलाही क्षणभर वाटलं, हिनं प्रश्न नीट ऐकला नाही. मग ती म्हणाली, “आई ब्लाउज शिवते. गळ्याला लावायची पट्टी उरेब कापावी लागते. तिच्या सामानाच्या दुकानात त्यालाच बायस म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी ती दोन चिंध्या घेऊन आली. एक सरळ कापलेली, एक तिरकी. कापडात धागे उभे आणि आडवे असतात. त्या धाग्यांना धरून कातर चालवली तर पट्टी ताठ राहते, गोलाईवर बसवायला गेलं की चुण्या पडतात. कातर तिरकी चालवली की तेच कापड ताणतं, वळतं, गळ्याच्या गोलाईवर चपखल बसतं. पट्टी एकदा शिवून झाली की ती तिरकी कापलेली आहे हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ते कळायला कापड डोळ्याजवळ धरून धागा कुठून कुठे जातो हे बघावं लागतं. हे सगळं तिनं वर्गासमोर, चिंधी दोन्ही हातांनी ताणून दाखवत, मराठीतच सांगितलं.

तोवर मी सोळा वर्षं इंग्रजी शिकवत होते. ‘बायस’ची शब्दकोशातली व्याख्या दरवर्षी फळ्यावर लिहून देत होते. बाजू घेणं, एका बाजूला झुकणं, एवढाच तिचा अर्थ. उरेब या शब्दानं मला त्यापुढचं कळलं. बायस म्हणजे कापडावर पडलेला डाग नव्हे, की धुतला आणि गेला. कापड कापतानाच कातर कोणत्या दिशेनं चालली त्यावर तो ठरतो. आणि तो अंगावर इतका नीट बसतो की घालणाऱ्याला टोचत नाही.

ही गोष्ट २०१८-१९ च्या शैक्षणिक वर्षातली आहे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. शाळा केंद्रीय मंडळाची, इंग्रजी माध्यमाची. वर्गातली निम्मी मुलं शहरातली आणि निम्मी आसपासच्या गावांतून व्हॅननं येणारी. ‘फर्स्ट फ्लाइट’ हे दहावीचं पाठ्यपुस्तक. त्यात ॲन फ्रँकच्या डायरीतला एक भाग आहे आणि नेल्सन मंडेलांच्या ‘लाँग वॉक टू फ्रीडम’मधला एक. दोन्ही आठवणींचंच लेखन. त्यांच्या जोडीला, आठवड्यातल्या ग्रंथालयाच्या एका तासाला मी जॉर्ज ऑर्वेलचं ‘ॲनिमल फार्म’ वाचायला घेतलं होतं. ग्रंथालयात बारा प्रती होत्या, मुलं एकेचाळीस. तिघा-चौघांत एक पुस्तक. त्या वर्षी या तीन पुस्तकांबरोबर जे घडलं, ते मला सांगायचं आहे.

‘ॲनिमल फार्म’ ही ‘ॲलिगरी’, म्हणजे रूपककथा. हा शब्द समजावून सांगताना मला कधीच अडचण आली नाही, कारण तो मला शाळेच्या आधी भेटला होता. मी पैठणजवळच्या एका गावात वाढले. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची जत्रा भरते. आमच्या गावातून दिंडी जायची. त्या दिवसांत देवळासमोर भारुडं व्हायची. विंचू चावल्याचं एकनाथांचं भारूड सुरू झालं की सोंग घेतलेला माणूस अशा काही उड्या मारायचा, अंग असं झाडायचा, की आम्ही मुलं पाय वर घेऊन बसायचो. मी सहा-सात वर्षांची असेन. घरी येऊन मी अंथरूण तीनदा झटकून घेतलं. आबा बघत होते. ते म्हणाले, “अगं, तो विंचू अंथरुणात नसतो. काम-क्रोधाचा विंचू तो. ज्याचा त्यानं शोधायचा.” मला तेव्हा काही कळलं नाही. पण एका गोष्टीच्या आत दुसरी गोष्ट असते आणि खरा विंचू दुसऱ्याच जागी असतो, एवढं मनात राहिलं. सोळाव्या शतकात पैठणला बसून नाथांनी जोशी, गारुडी, महार, वासुदेव, विंचू अशा रोजच्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या तोंडून परमार्थ सांगितला. मराठी मुलाला रूपककथा परकी वाटायचं कारणच नाही.

म्हणून ‘ॲनिमल फार्म’ मी भारुडापासून सुरू केलं. मुलांना ते आवडलं. पण पुढे मी जे केलं ते सगळीकडे केलं जातं तेच. फळ्यावर दोन रकाने आखले. एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला माणसं. नेपोलियन हा डुक्कर म्हणजे स्टॅलिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, स्क्वीलर म्हणजे सरकारी प्रचार, बॉक्सर घोडा म्हणजे राबणारा कामगार. प्राण्यांनी मालकाविरुद्ध केलेलं बंड म्हणजे १९१७ ची रशियन क्रांती. मुलांनी तक्ता उतरवून घेतला. मला समाधान वाटलं. परीक्षेच्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं.

मग मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. हा मुलगा जालना रस्त्यावरच्या एका गावातून येई. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, आठवीला आमच्याकडे आलेला. इंग्रजीत बोलायला उभा राहिला की पहिल्या वाक्यालाच अडायचा, म्हणून सहसा उभाच राहायचा नाही. आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला इंग्रजीतच बोलायचा नियम होता. त्यानं तो मोडला. त्यानं विचारलं, “मॅडम, दुधाचं काय झालं?”

मी म्हणाले, “कुठलं दूध?”

“पाच बादल्या होत्या. गाई तटतटल्या होत्या म्हणून डुकरांनी धार काढली. मग नेपोलियन म्हणाला, दुधाची काळजी करू नका, आधी गवत कापायला चला. संध्याकाळी सगळे परत आले तर दूध नव्हतं. तिथं कुणीच काही विचारलं नाही.” थोडा थांबला आणि म्हणाला, “आमच्याकडं सकाळी डेअरीवर दूध घालतो. पाच बादल्या दूध गेलं तर कुणीतरी विचारणारच.”

वर्गानं ती ओळ ओलांडून पुढचं वाचलं होतं. मीही दरवर्षी ओलांडत होते. माझ्या तक्त्यात दुधाला रकानाच नव्हता. घरी जाऊन मी शोधलं. ऑर्वेलनं १९४६ मध्ये ड्वाइट मॅक्डोनाल्ड या अमेरिकन संपादकाला लिहिलेल्या पत्रात सांगितलं आहे की या गोष्टीची कलाटणी तिथंच आहे, डुकरं दूध आणि सफरचंद स्वतःकडे ठेवतात तिथं. त्याच वेळी बाकीच्या प्राण्यांनी पाय रोवला असता तर पुढचं टळलं असतं, असं त्याला म्हणायचं होतं. मी कैक वर्षं शिकवत असलेल्या पुस्तकाचं वर्म एका पंधरा वर्षांच्या मुलाला सापडलं होतं, आणि ते सापडलं त्याला रशियाचा इतिहास माहीत होता म्हणून नव्हे, तर दूध कसं मोजतात हे त्याला ठाऊक होतं म्हणून.

त्यानंतर मी तक्ता पुसला आणि मुलांना विचारलं की ही गोष्ट तुम्हाला कुठं दिसते. गावकीच्या, सोसायटीच्या, साखर कारखान्याच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या समितीच्या अशा कितीतरी गोष्टी निघाल्या. आधीच्या वर्षी एका मुलीनं उत्तरपत्रिकेत ग्रामपंचायतीचं उदाहरण दिलं होतं आणि मी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘रशियन क्रांतीचा उल्लेख नाही.’ तिचे दोन गुण मी कापले होते. ते मला त्या दिवशी आठवलं.

पण म्हणून रूपककथेचा कुठलाही अर्थ लावला तरी चालतो, असंही नाही. मुलांना मी हे पुस्तक छापून कसं आलं ते सांगितलं. ऑर्वेल जन्मानं आपल्याकडचा. १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीत जन्मला, वडील अफूच्या सरकारी खात्यात होते. १९४४ मध्ये पुस्तक लिहून तयार होतं. तेव्हा हिटलरविरुद्धच्या युद्धात रशिया इंग्लंडचा दोस्त होता, आणि एकामागून एक प्रकाशकांनी ते नाकारलं. एका प्रकाशकानं तर छापायचं ठरवल्यावर माहिती खात्यातल्या एका अधिकाऱ्याच्या सल्ल्यानं माघार घेतली. टी. एस. एलियटसारख्या कवीनं प्रकाशनसंस्थेच्या वतीनं नकाराचं पत्र लिहिलं. शेवटी १७ ऑगस्ट १९४५ ला, युद्ध संपता संपता, ते निघालं. आणि निघाल्याबरोबर वाचकांनी त्यातून आपापल्याला हवं ते उचललं. ऑर्वेलचा मित्र, टीकाकार विल्यम एम्प्सन, यानं त्याला लगेच सावध केलं की हे वेगवेगळ्या वाचकांना वेगवेगळं दिसणार. एका मुलाला तर ते हुजूर पक्षाच्या प्रचारासारखं वाटून फार आवडलं होतं. लेखक स्वतः समाजवादी होता! १९५४ मध्ये इंग्लंडात त्यावर ॲनिमेशनपट निघाला, त्यामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता. त्यात शेवट बदलला. पुस्तकात अखेरीस प्राणी खिडकीतून बघत राहतात आणि डुक्कर कोण, माणूस कोण ते ओळखू येत नाही. चित्रपटात प्राणी पुन्हा उठाव करतात. गोष्ट तीच, कापड तेच, फक्त कातर वेगळ्या बाजूनं फिरली.

“उरेब,” खिडकीजवळची मुलगी म्हणाली. तोवर तो शब्द वर्गाचा झाला होता.

दिवाळीनंतर ॲन फ्रँकचा पाठ आला. पाठ्यपुस्तकातला भाग हलकाफुलका आहे. वर्गात बडबड करते म्हणून किसिंग सर तिला निबंध लिहायची शिक्षा देतात आणि ती त्यांनाच हसायला लावते. मुलांना सर आवडले. एक मुलगा म्हणाला, “हे ॲननं लिहिलंय. सरांनी लिहिलं असतं तर?” हा प्रश्न चांगला होता, पण खरं तर त्याहून मोठं उदाहरण पाठात नसलेल्या भागात आहे, म्हणून मी ते सांगितलं.

ॲनच्या डायरीत डुसेल नावाचे एक दंतवैद्य आहेत. नाझींपासून लपलेल्या आठ जणांत ते शेवटी आले. तेरा-चौदा वर्षांच्या ॲनला आपली खोली त्यांच्याबरोबर वाटून घ्यावी लागली. टेबल कुणी किती वेळ वापरायचं यावरून खटके उडायचे. डायरी वाचली की ते चिडखोर, हटवादी, कोत्या मनाचे वाटतात. त्यांचं खरं नाव फ्रिट्झ फेफर. डुसेल हे ॲननं दिलेलं टोपणनाव, जर्मन भाषेत त्याचा अर्थ मूर्ख, बावळट असा होतो. फेफर यांना एक मुलगा होता, त्याला त्यांनी वेळीच इंग्लंडला पाठवलं होतं. त्यांच्या जोडीदार शार्लोट कालेटा बाहेर होत्या. फेफर १९४४ च्या डिसेंबरात छळछावणीत वारले. ॲनही १९४५ मध्ये गेली, पण तिचे शब्द राहिले, आणि त्या शब्दांतूनच जगाला फेफर माहीत झाले. आपल्या माणसाचं हे चित्र बघून कालेटा शेवटपर्यंत दुखावलेल्या राहिल्या.

वर्ग शांत झाला होता. एका मुलीनं रागानं विचारलं, “मग ॲन खोटं बोलली?” नाही. ती खोटं बोलली नाही. कोंडलेल्या घरात, स्वतःची एक खोलीही न उरलेल्या मुलीला जे दिसलं तेच तिनं लिहिलं. तिच्या जागेवरून ते तसंच दिसत होतं. १९४४ च्या मार्चमध्ये रेडिओवर लंडनहून एका डच मंत्र्याचं भाषण झालं, युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं जमवू असं ते म्हणाले. ते ऐकून ॲननं आपली डायरी पुस्तक म्हणून पुन्हा लिहायला घेतली, काही गाळलं, काही बदललं. पुढे वडिलांनी, ओटो फ्रँक यांनी, दोन्ही मजकूर जुळवून काही कापलं आणि १९४७ मध्ये पुस्तक निघालं. आपल्या हातात येतं ते तीनदा कातर फिरलेलं कापड. तरीही ते खरं आहे. मला मुलांना नेमकं हे शिकवायचं होतं आणि माझ्याकडे त्यासाठी शब्द नव्हते. खरं आणि तिरकं एकाच वेळी असू शकतं, हे त्या चिंधीमुळे मला सांगता आलं.

मंडेलांच्या पाठाला मी एकच तास दिला. शपथविधीचं वर्णन मुलं वाचून घेतात. पण ते पुस्तक कसं लिहिलं गेलं, ते मुद्दाम सांगितलं. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात, १९७० च्या दशकाच्या मध्यावर ते गुपचूप लिहिलं जात होतं. सहकैदी वॉल्टर सिसुलू आणि अहमद कथ्राडा मजकूर वाचून शेरे मारायचे. मॅक महाराज आणि लालू चिबा बारीक अक्षरात नक्कल करायचे. मूळ हस्तलिखित अंगणात पुरलं होतं, त्यातलं काही पहारेकऱ्यांना सापडलं आणि मंडेलांसह संबंधितांची शिकण्याची सवलत चार वर्षं बंद झाली. ‘आत्म’ म्हणावं अशा त्या लेखनावर सोबत्यांचे हात फिरले होते.

मग मी मुलांना काम दिलं. लहानपणची एक घटना इंग्रजीत दोन पानं लिहा. लिहून झालं की त्या वेळी हजर असलेल्या एका माणसाला वाचून दाखवा किंवा सांगा. तो काय म्हणाला तेही लिहा.

आता जे लिहिते ते लिहायला मला जड जातं आहे.

दूध मोजणाऱ्या त्या मुलानं लिहून आणलेला मजकूर मी रात्री तपासायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदाला थांबले. २०१३ चा उन्हाळा. त्या साली आमच्याकडे, जालन्याकडे, बीडकडे दुष्काळ होता, जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या. त्यानं लिहिलं होतं की तो नऊ वर्षांचा असताना एक दिवस शाळेतून घरी आला तेव्हा गोठा रिकामा होता, बैलजोडी विकली होती, दावी खुंट्याला तशीच होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांवर त्यानं पुष्कळ दिवस राग धरला होता. इथवर कुणीही लिहील. पुढे त्यानं लिहिलं होतं की हे आईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, तू शाळेत नव्हतास. उन्हाळ्याची सुट्टी होती. तू घरी होतास. टेम्पो आला तेव्हा तूच बैलांना शेवटची भाकरी चारलीस आणि मग कडब्याच्या मागे जाऊन बसलास. त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं की यांतली आपली गोष्ट कोणती, ते आपल्याला ठरवता येत नाही, म्हणून दोन्ही ठेवतो आहे.

वाक्यं लहान होती, व्याकरणाच्या दोन-तीनच चुका. दावी या शब्दाला त्यानं इंग्रजी शब्द शोधला नव्हता, रोमन लिपीत ‘दावी’ असंच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला स्टाफरूमच्या दाराशी बोलावलं आणि विचारलं, “हे तुला कुणी लिहून दिलं?”

तो काही बोलला नाही. मी पुन्हा विचारलं, “क्लासचे सर आहेत का कुणी? की मोबाइलवरून?” तो म्हणाला, “मीच लिहिलं.” मी म्हणाले, “खरं सांग.” शेजारून शिक्षक जात-येत होते.

मधल्या सुट्टीनंतर त्यानं एक वही आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि तो न बोलता गेला. वहीत तो मजकूर चार वेळा लिहिलेला होता. पहिल्यांदा पूर्ण मराठीत. मग अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत, शब्दांवर काट मारून शब्दकोशातून वर लिहिलेले दुसरे शब्द. तिसऱ्या खेपेला आईचं म्हणणं आलं होतं, तिच्याच भाषेत, अवतरणात. तिथं कागद एका जागी विरला होता, इतकं खोडलं होतं. चौथी खेप इंग्रजीत.

वर्गात अस्खलित बोलणारी एक मुलगी होती, डॉक्टरांची. तिचाही निबंध उत्तम होता. तिला मी विचारलं नव्हतं की हे कुणी लिहून दिलं. तसं विचारावं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. इथं मला माझ्या कापडाचा धागा दिसला. मी स्वतः मराठी शाळेतून आलेली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका प्राध्यापकांनी माझ्या उच्चारांवरून भर वर्गात मला खाली बसवलं होतं, आणि त्या दिवशी मी ठरवलं होतं की मी इंग्रजी अशी शिकेन की कुणाला माझं गाव कळणार नाही. मी शिकले. पण त्या शिकण्याबरोबर एक समजूतही अंगात भिनली, की जो अडखळत बोलतो तो अडखळतच विचार करतो. माझ्यावर जिनं वार केला, तीच समजूत मी इतकी वर्षं गळ्याभोवती शिवून घेऊन वावरत होते. ती टोचत नव्हती. आबांचा विंचू मला अंथरुणात सापडला नव्हता, तो असा स्टाफरूमच्या दाराशी सापडला.

मी दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची माफी मागितली. एकांतात मागितली असती तर माझी सोय झाली असती, पण संशय मी चारचौघांत घेतला होता. मी काय विचारलं, का विचारलं आणि कुणाला विचारलं नाही, हे सगळं मुलांना सांगितलं. तो खाली मान घालून बसला होता. त्याला ते आवडलं की नाही, मला माहीत नाही. नंतरच्या आठवड्यात त्यानं एकदा हात वर केला, मराठीत बोलू का म्हणून विचारलं आणि बोलला. तेव्हापासून माझ्या तासाला इंग्रजीतच बोलायचा तो नियम मी पाळत नाही. मुख्याध्यापकांना कारण सांगितलं, त्यांनी आधी मान्य केलं नाही, मग वर्षअखेरचे निबंध वाचून केलं.

त्यानंतर दुसरे पाठही मी वेगळ्या नजरेनं शिकवू लागले. बारावीच्या पाठ्यपुस्तकात तमिळ लेखिका बामा यांच्या लहानपणचा एक प्रसंग आहे. त्यांच्या वस्तीतला एक वयस्क माणूस खाऊची पुडी नुसत्या दोऱ्याला धरून, वाकून, जमीनदाराकडे नेतो. लहान बामाला ते बघून हसू आवरत नाही. घरी येऊन ती मोठ्या भावाला सांगते. भाऊ हसत नाही. आपल्या जातीचा हात पुडीला लागला तर ती विटाळेल असं ते लोक मानतात, असं तो सांगतो. आधी मी हा पाठ जातीच्या अन्यायाचा पाठ म्हणून शिकवायचे, तो तसा आहेच. आता मी मुलांना त्या हसण्यापाशी थांबवते. ज्यांच्यावर अन्याय होतो आहे त्यांच्याच घरातली मुलगी हसते, कारण तिला तिच्या जागेवरून फक्त पुडी दिसते. आणि मोठी झाल्यावर ती ते हसणं लपवत नाही, लिहून ठेवते.

मराठीत हे धैर्य फार आधी दिसलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १८९५ मध्ये धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं धरून वेगळ्या राहिल्या. मग जात माणसानं केलेली आहे हे त्यांना कसं उमगलं आणि आपण कुणाच्याही हातचं खायचं कसं ठरवलं, ते त्यांनी सांगितलं आहे. आपण आधी कोण होतो हे त्यांनी पुसलं नाही. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दया पवारांनी तर स्वतःचेच दोन भाग केले, दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. शिकून शहरी झालेला माणूस आपल्याच गावच्या माणसाचं ऐकून घेतो आहे. ही दोन्ही पुस्तकं इंग्रजी अनुवादात मिळतात, शांता गोखले आणि जेरी पिंटो यांच्या. आमच्या ग्रंथालयात मी दोन्हींच्या प्रती मागवल्या. इंग्रजीच्या तासाला मराठी पुस्तकांचे अनुवाद वाचायला काहीच हरकत नाही, उलट मूळ शेजारी ठेवून वाचलं तर मुलांना अनुवादकाची कातरही दिसते.

तो मुलगा पुढे कृषी महाविद्यालयात गेला. त्याची वही त्यानं कधी परत मागितली नाही. मी ती दहावीच्या निकालाच्या दिवशी स्वतःहून परत दिली, कारण ती त्याची होती.

त्या वर्षापासून माझ्या वर्गात मुलं निबंधावर नाव मागच्या पानावर लिहितात आणि सोबत कच्ची पानं जोडतात, कोणत्याही भाषेतली. गुण देऊन झाल्यावरच मी पान उलटते. पहिल्याच सहामाहीत माझ्या अंदाजानं वरच्या क्रमांकात नसायला हवीत अशी चार मुलं वर आली. अंदाज माझा होता, मुलं आधीपासून तिथंच होती.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे: पुढचा गठ्ठा तपासायला घ्याल तेव्हा नावं झाकून ठेवा, आणि एखाद्या मुलाला ‘हे तुला कुणी लिहून दिलं’ असं विचारावंसं वाटलं तर त्याच्याकडे आधी कच्ची वही मागा.